वैद्यबुवांचा सिनेमा आणि आमच्या घरचा राक्षस

त्या वैद्याचा मला इतका संताप आला की मी दुकानात बसल्या बसल्या मोठ्यांदा म्हणाले, "अरे, कुणीतरी हाणा रे ह्या मेल्याला!" झेरॉक्स काढायला आलेला माणूस दचकला आणि आपले कागद छातीशी धरून मागे सरकला. त्याला वाटलं, मी त्यालाच म्हणाले. मग मी मोबाइल फिरवून त्याला दाखवला. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "हो ताई, हाणायलाच पाहिजे."

सिनेमा जुना, काळा-पांढरा. नाव विचारू नका. ज्या कुणी तो नेटवर टाकला होता त्यानं सुरुवातीच्या पाट्याच कापल्या होत्या. त्यातला मुख्य माणूस म्हणजे एका गावचा वैद्य. औषध चांगलं द्यायचा, पण समोरच्याला माणूस समजायचा नाही. दुसऱ्या वैद्याकडे आधी जाऊन आलेला रोगी दारात आला, तर "तिथंच जा" म्हणून दार लावून घ्यायचा. सून पेटी वाजवायची, तर पेटी अडगळीत टाकली. मुलानं एकदा विचारलं, "रोग्यानं काय पाप केलं?" तर मुलाला बायकापोरासकट घराबाहेर काढलं. बायको देवघरात डोळे पुसतेय आणि हा भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतोय. असल्या माणसाला नायक करायची बुद्धी कुणाला झाली, कोण जाणे!

तो सिनेमा मी माझ्यासाठी उतरवत नव्हते, बाबासाठी उतरवत होते. त्यात निवड वगैरे काही नव्हती. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती आणि हा सगळ्यात कमी जागा खात होता, एवढंच.

माझं दुकान जव्हारला, एसटी स्टँडच्या पलीकडे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज, आणि फुकटात शिरपामाळचा रस्ता सांगणे. मुंबईकडचे पाहुणे गाडीची काच खाली करून विचारतात, उतरायचे कष्ट घेत नाहीत. मग मीही जागची उठत नाही, हातानं दाखवते. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. ते बाबाकडून आलंय. आमच्यात बाबाला अहो-जाहो नाही. बाबा येतो, बाबा जेवतो, बाबा चिडतो. त्यातलं शेवटचं जास्त.

वाईट माणूस नाही तो. कधी कुणाला हात लावला नाही, कधी पिऊन आला नाही. पण गोड शब्द म्हणाल तर त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेला नाही. भात लावताना माझी ओळ सरळ आली तर गप्प बसायचा, आणि वाकडी आली तर सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलायचा. मी दुकान टाकलं तेव्हा सगळा पाडा बघायला आला. बाबानं आत येऊन छताकडे बघितलं, "पत्रा गळेल" म्हणाला, आणि गेला. पत्रा गळला नाही, हे मी त्याला दर पावसाळ्यात ऐकवते.

आमचा पाडा जामसरच्या अंगाला, रस्ता सोडून आत. गेल्या साली नागली कापणीला आली तेव्हा बाबाला लकवा मारला. उजवा हात गळाला, पाय ओढत चालायला लागला, आणि बोलणं गेलं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला सगळं कळतंय, शब्द तेवढा तोंडापर्यंत येत नाही. बोलतं करा. हसवा, चिडवा, काहीही करा. तिथल्या एका बाईंनी चित्रांच्या पाट्या दिल्या. कप, चमचा, कंगवा, कुत्रा. आई रोज समोर बसून विचारायची, "हे काय? हे काय?" बाबानं पहिल्याच आठवड्यात पाट्या अंगणात भिरकावल्या. कुत्र्याची पाटी शेळीनं खाल्ली. आईनं बाकीच्या गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ठेव तुझ्या दुकानात. हा माणूस चमच्यापायी बोलणारा नाय."

ती हसत होती, पण मी तिचा चेहरा बघितला. घाबरली होती ती. आणि घाबरायचं कारण नुसतं दुखणं नव्हतं, ते आता सांगते.

आमच्या भागात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून संबळ-पिपाणीच्या तालावर माणसं नाचत येतात. त्या एकेकाला आम्ही सोंग म्हणतो, आणि एकेक सोंग एकेका घराचं असतं. आमच्या घराकडे राक्षस आहे. शेवटी देवी ज्याला मारते, तो. कुणाला वाटेल, काय मेला हा वाटा! पण राक्षस म्हणजे खायचं काम नाही. मुखवटा जड, नाच त्याहून जड, आणि देवीच्या आधी राक्षसच दमला तर सगळा बोहाडा पाण्यात. माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा राक्षस घालतोय. लोक देवीच्या पाया पडतात आणि मग वळून त्याच्याही पडतात.

आमच्या पाड्याची एक रीत आहे. होळीच्या आधी देवळापुढे सगळे बसतात आणि एकेक सोंग पुकारतात. ज्या घरचं सोंग, त्या घरातल्या थोरल्यानं उभं राहून स्वतःच्या तोंडानं "आहे" म्हणायचं आणि कोण घालणार ते सांगायचं. बायकोनं सांगितलेलं चालत नाही, पोरानं सांगितलेलं चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. थोरला बोलला नाही तर सोंग मोकळं झालं, मागेल त्याचं. एका घराचं असंच गेलं होतं. त्यांचा थोरला वीटभट्टीवरून वेळेत परतला नाही, आणि ते सोंग पुन्हा त्या घरात आलं नाही. ह्या रितीचा कुठं कागद नाही, त्यामुळे तिला पळवाटही नाही.

म्हणजे होळीच्या आत बाबाच्या तोंडून शब्द निघायला हवा होता. नाही निघाला तर आमच्या घरचा राक्षस गेला.

आणि तो मागणारा माणूस तयार होता. खालच्या घरचा काका. बाबाचा चुलतभाऊ, वयानं बरोबरीचा. तरुणपणापासून त्याचा राक्षसावर डोळा. तो चोरून काही करत नव्हता, तोंडावर सांगायचा, "दादा, तुझ्याच्यानं झालं नाय तर मी मागणार. मागं बोलू नको." त्याचा मुलगाही चांगला उंचापुरा. आमच्याकडे बघाल तर माझा धाकटा भाऊ, भिवंडीच्या एका गोदामात कामाला. बाबा त्याला लहानपणापासून सांगत आला, "तुझ्या पायात ताल नाय. पोतं चाललं तरी बरं दिसेल." भावानं कधी उलट उत्तर केलं नाही. मला फोनवर म्हणायचा, "जाऊ दे गं ते सोंग. मला कुठं हवंय?" हे म्हणताना त्याचा आवाज असा व्हायचा की मला फोन आपटावासा वाटायचा. मरत होता तो त्या सोंगासाठी.

तर बाबाला बोलतं करायला असा तो सिनेमा घेऊन मी शनिवारी पाड्यावर गेले. मोबाइलचा पडदा बाबाला दिसेना. मोठा टीव्ही एकट्या काकाकडे, पेनड्राइव्ह लागणारा. बाबा त्याच्याकडे जायला तयार होईना. आईनं त्याची काठी उचलली, दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ही मी घेऊन चालले. तुला पाहिजे तर ये मागनं." आला. न येऊन करतो काय!

काकाच्या पडवीत बघता बघता निम्मा पाडा जमला. आमच्याकडे गप्प बसून सिनेमा बघायची पद्धत नाही. पडद्यावरच्या माणसाशी बोलायचं असतं, त्याला सल्ला द्यायचा असतो. वैद्यानं ताट सरकवलं तशी शेजारची म्हातारी त्याच्या बायकोला म्हणाली, "उपाशी ठेव त्याला! रडतेस काय!" सुनेची पेटी अडगळीत गेली तेव्हा बायकांनी असे शिव्याशाप दिले की मी इथं लिहू शकत नाही. एकजण मनापासून वैतागून विचारत होता, "ह्या गावात माणसं बसत नाहीत का? चार जणं बसवा, ह्याला मधी घ्या, नीट होईल." काका म्हणाला, "ह्याच्यापेक्षा आपला राक्षस बरा, वर्षातून एकदा येतो." सगळे हसले आणि मग चोरून बाबाकडे बघायला लागले.

बाबाचं कुणाकडे लक्षच नव्हतं. पुढे वाकून, डावा हात गुडघ्यावर ठेवून तो त्या वैद्याकडे बघत होता. बोहाड्यात समोरून देवी येताना बघतो ना, तसा.

सिनेमात वैद्याचा नातू तापानं फणफणला. बाहेर काढलेला मुलगा त्याला खांद्यावर घेऊन बापाच्या दारात आला. त्याआधी तो दुसऱ्या वैद्याकडे जाऊन आलेला होता, आणि हे बापाला कळलेलं होतं. बाहेर सून हात जोडून उभी. आत वैद्य दाराशी आला. त्याचा हात कडीवर गेला.

आणि सिनेमा थांबला.

मी पेनड्राइव्ह काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा तो हात कडीवर आणि पुन्हा थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कमी जागा खात होता म्हणून खूश झाले होते ना? सिनेमा दोन भागांत होता आणि मी एकच उतरवला होता. मी कपाळावर हात मारून घेतला. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, म्हणजे पुढचा भाग आता जव्हारला गेल्याशिवाय नाही. लोकांनी त्या दिवशी मला जे काही ऐकवलं, ते त्या वैद्यालाही ऐकवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी दुसरा भाग शोधला. सापडला, पण त्या शनिवारी निघायच्या गडबडीत पेनड्राइव्ह दुकानातच राहिला. घरी पोचले आणि पिशवी उलटी केली. बाबा ओट्यावर बसला होता. त्यानं माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. त्याचं तोंड हललं. मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली, आणि तो म्हणाला, "मग?"

आईच्या हातातली परात खाली पडली. मी म्हणाले, "काय म्हणालास?"

"मग?" बाबा म्हणाला. रागानं. डाव्या हातानं त्यानं हवेत कडी धरली आणि माझ्याकडे बघत राहिला.

नाशिकच्या बाईंचा कप-चमचा जिथं हरला तिथं तो आडमुठा वैद्य जिंकला होता! मला रडू यायला लागलं, पण मी दाबलं. मला एक खोडसाळ विचार सुचला. मी म्हणाले, "मला माहीत आहे पुढं काय होतं ते. दार उघडलं की नाही, नीट विचार, सांगते." आई माझ्यावर धावून आली, "आजारी माणसाला छळतेस? लाज नाय वाटत?" बाबानं काठी आपटली. बराच वेळ धडपडला, चार वेळा त्याचं तोंड उघडून मिटलं, आणि "उ… उघ" एवढं निघालं. मी म्हणाले, "शनिवारी दाखवते." त्यानं काठी फेकून मारली. नेम डाव्या हाताचा, चुकला.

पुढच्या शनिवारी भाऊही भिवंडीहून आला. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. काकाच्या पडवीत ह्या वेळी अख्खा पाडा होता. काकानं बाबासाठी खाट मधोमध टाकली होती, त्याच्या पाठीला उशी लावली, आणि उशी लावताना म्हणाला, "बोलायला लागलास म्हणे. बरं झालं. माझं सोंग गेलं." बाबानं त्याच्याकडे बघितलंही नाही.

वैद्याचा हात कडीवर. आणि मग त्यानं दार उघडलं. उघडलं ते उघडलं, उंबऱ्यातच कोसळला. नातवाला छातीशी धरून हमसून हमसून रडला. सुनेपुढे हात जोडले. बायकोची क्षमा मागितली. रात्रभर जागून त्यानं पोराला बरं केलं, सकाळी स्वतः अडगळीतून पेटी काढून धुळीसकट सुनेच्या मांडीवर ठेवली, आणि सगळे त्याच्या पाया पडले. इकडे पडवीत बायका पदर डोळ्याला लावत होत्या. भाऊ नाक ओढत होता. खरं सांगते, मीही रडले.

"खोटा!"

बाबा ओरडला. स्वच्छ, मोठ्यांदा. कोंबड्या उडाल्या. "खोटा! खोटा!" आणि डाव्या हातानं टीव्हीकडे असं झटकलं, जसं अंगावरचा किडा झटकावा.

लोकांना आनंद झाला की बाबा बोलला. मला मात्र राग आला. मला तो शेवट आवडला होता. नुसता आवडला नव्हता, मला तो हवा होता. असं कुणीतरी उंबऱ्यात बसून रडावं, चुकलो म्हणावं, म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं. मी सगळ्यांसमोर बोलले, "खोटा कसा? माणूस चुकला, रडला, शहाणा झाला, तर खोटा? म्हणजे पोर मरू द्यायला पाहिजे होतं का त्यानं?" आई म्हणाली, "हळू बोल." मी म्हणाले, "नाही बोलणार हळू!" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. हा पीळ बाबात होता तसा माझ्यातही होता.

बाबानं मान जोरात हलवली, नाही, नाही. पोर मरू द्यायचं नव्हतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते निघत नव्हतं. तो एकदा टीव्हीकडे हात करी, एकदा आमच्या घराच्या दिशेला. मला काही कळेना. काकालाही कळेना.

कळलं ते भावाला. तो नाक पुसून हळूच म्हणाला, "तो माळ्यावरच्या मुखवट्याचं म्हणतोय." बाबाची मान थांबली. भाऊ चाचरत पुढे म्हणाला, "राक्षस मधेच पाया पडायला लागला तर देवीनं करायचं काय? सगळा बोहाडा कशासाठी मग? त्या म्हाताऱ्यानं दार उघडायला पाहिजे होतं. औषध द्यायला पाहिजे होतं. पण तोंड तसंच ठेवून. आयुष्यभर वाकडा राहिलेला माणूस एका रात्रीत सरळ होत नाय. औषध द्यायचं आणि 'घेऊन जा' म्हणायचं. ते खरं झालं असतं."

"औषध देताना असं कोण म्हणतं?" काका म्हणाला. "करून दाखव."

भाऊ लाजला, पण उठला. अंगणात गेला. आधी त्यानं वैद्य चालून दाखवला, ताठ मानेनं, दाराकडे. मग चालता चालता काय झालं देव जाणे, त्याचे पाय राक्षसाचे पडायला लागले. संबळ नव्हती, तोंडावर मुखवटा नव्हता. अंगात गोदामाचा टीशर्ट. टाच दाबून, गुडघा वर, छाती पुढे, एक पाऊल मागं न सरता तो अंगणभर फिरला. दारापाशी आला, कडी काढल्यासारखा हात केला, औषधाची पुडी पुढे धरली, आणि मान वळवून दुसरीकडे बघत उभा राहिला. मला एकदम वाटलं, हो, हे जास्त खरं. त्या पुडीकडे बघून मला आधीच्यापेक्षा जास्त रडू आलं, आणि त्याचाही मला रागच आला.

बाबा खाटेवरून उठला. पाय ओढत अंगणात गेला, काठीनं भावाच्या डाव्या पायाची टाच थोडी बाहेर ढकलली, आणि घरी निघून गेला.

त्या दिवसापासून बाबाला शब्द यायला लागले, पण त्याच्या मर्जीनं. मग, खोटा, च्या, गप, शेळी. आईनं "आहे" म्हणवून घ्यायचा चंग बांधला. सकाळी चहाचा कप दूर धरून म्हणायची, "म्हण, आहे." बाबा म्हणायचा, "च्या." "आहे म्हण." "गप." मी बोलून बघितलं, चिडवून बघितलं. ते एवढंसं दोन अक्षरी, आणि तेच निघेना. होळी जवळ आली तशी आई माळ्यावर जाऊन मुखवट्याचं फडकं नीट करायची आणि खाली उतरताना तोंड फिरवून घ्यायची. भाऊ सुट्टी टाकून आला होता. तो काही विचारायचा नाही, सारखा लाकडं फोडत बसायचा. एका सकाळी मी म्हणाले, "बाबा, मला त्या सोंगाचं काही नाही. पण ते गेलं तर हा पोरगा आतून मोडेल, एवढं कळतंय का तुला?" बाबानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "शेळी." शेळी खरंच भाजीच्या वाफ्यात शिरली होती.

देवळापुढे सभा भरली. सकाळची वेळ, उन्हं अजून मऊ. एकेक सोंग पुकारत होते. थोरले उठत होते, "आहे" म्हणत होते, बसत होते. आमचं शेवटी. "राक्षसाचं सोंग कुणाच्या घरी?"

बाबा उठला. मी हात द्यायला गेले तर त्यानं कोपरानं बाजूला केलं. काठीवर भार देऊन उभा राहिला आणि तोंड उघडलं.

काही नाही आलं.

पुन्हा उघडलं. ओठ हलले, जीभ वळली, नुसता श्वास. आईनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अहो, त्याला आहे म्हणायचंय, दिसतंय ना. चला पुढं." त्यावर काका ताडकन वळला. ज्याला ते सोंग मिळायचं होतं, तोच. "त्याला तोंड आहे ना?" तो म्हणाला. "का मेलाय तो? बसा की गप. कुणाची गाडी चुकतेय?"

मग सगळे थांबले. कुणी बिडी पेटवली. बायकांनी पोरं मांडीवर घेतली. दोन म्हातारे आपापसात यंदाच्या आंब्याच्या मोहराबद्दल हळू बोलायला लागले, म्हणजे बाबावर नजर नको. इतकी माणसं आणि कुणालाच घाई नव्हती. मी आयुष्यात त्या लोकांवर इतकी चिडले आहे, पण त्या सकाळी मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बाबाच्या कपाळावर घाम आला. त्यानं डोळे मिटले.

"आहे."

आईनं हात सोडला. भाऊ खाली मान घालून बसला होता, तसाच राहिला. पुकारणाऱ्यानं विचारलं, "घालणार कोण?"

आता बाबा स्वतःचंच सांगतो की काय, अशी मला धास्ती. ह्याचा नेम नाही. लुळ्या हातानं मुखवटा बांधून उभा राहील. बाबा वळला. पाय ओढत चार माणसांच्या मधून भावापर्यंत गेला आणि काठी त्याच्या पुढ्यात टेकवली. शब्द एकेक करून आला, दोन शब्दांच्या मधे लांब वाट बघावी लागली, पण आला.

"हा. माझ्याहून… बरा नाचतो."

माझा भाऊ तिशीला आलाय. इतक्या वर्षांत बाबानं त्याला बरा म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता सगळ्या पाड्यानं ऐकलं. मला हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. वाटला, चांगला कडकडून वाटला. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की कुठं ठेवू कळेना. मी उगाच शेजारच्या म्हातारीला म्हणाले, "ऐकलंत ना?" ती म्हणाली, "मी बहिरी नाय."

ज्याचं नाव घेतलं त्यानं "घेतो" म्हणायचं असतं. तेही स्वतःच्याच तोंडानं. भाऊ उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला शब्द फुटेना.

पुकारणारा वाट बघत राहिला. काकानं पुन्हा मागं वळून सगळ्यांकडे डोळे वटारले. आणि बाबा, ज्यानं आयुष्यात चहा उकळायचीसुद्धा कधी वाट बघितली नाही, तो दोन्ही हात काठीवर ठेवून, डाव्याखाली उजवा दाबून, पोराच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला काही घाई नव्हती.